घरच्या वायफाय कॅमेऱ्याचं चित्र धूसर येतंय? आधी दोष कुठे आहे ते शोधा

मुंबईतल्या कितीतरी फ्लॅटांत आता सेफ्टी डोअरच्या वर किंवा हॉलमधल्या शोकेसवर एक छोटा वायफाय कॅमेरा असतो. खोक्यावर ‘फुल एचडी’ लिहिलेलं असतं, पण मोबाइलवर चौकटी-चौकटींचं चित्र येतं, कुरिअरवाल्याचा चेहरा ओळखू येत नाही आणि रात्री सगळीकडे पांढरं धुकं दिसतं. मग लोक महागडा कॅमेरा मागवतात किंवा ब्रॉडबँडचा प्लॅन वाढवतात. बऱ्याचदा दोन्ही खर्च वाया जातात, कारण दोष तिसरीकडेच असतो.

चित्र चार ठिकाणी बिघडू शकतं: भिंग आणि उजेड, कॅमेऱ्याची सेटिंग आणि वीज, कॅमेऱ्यापासून राउटरपर्यंतचं वायफाय, आणि राउटरपासून तुमच्या मोबाइलपर्यंतचं इंटरनेट. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. म्हणून खाली दिलेल्या क्रमाने जा, आणि पहिली पायरी अजिबात गाळू नका.

हाताशी काय ठेवाल

- कॅमेऱ्याच्या ॲपचं मूळ खातं. ज्याने कॅमेरा बसवला त्याच्या फोनमध्ये ते असतं. घरातल्या इतरांना ‘शेअर’ केलेल्या खात्यातून बरीच सेटिंग दिसतच नाहीत.
- राउटरचा ॲडमिन पासवर्ड आणि पत्ता. दोन्ही सहसा राउटरच्या खालच्या लेबलवर छापलेले असतात.
- मायक्रोएसडी कार्ड, शक्यतो ‘हाय एन्ड्युरन्स’ प्रकारचं, म्हणजे सततचं लिहिणं सोसणारं. किती जीबीपर्यंतचं चालतं ते कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात पाहून घ्या.
- अँड्रॉइड फोनवर एखादं वायफाय ॲनालायझर ॲप, म्हणजे आसपासच्या वायफायचा जोर मोजणारं. आयफोनवर अशी ॲप्स चालत नाहीत, पण ॲपलच्याच ‘एअरपोर्ट युटिलिटी’मध्ये वायफाय स्कॅनर आहे. तो फोनच्या सेटिंगमधून चालू करावा लागतो.
- मायक्रोफायबरचं फडकं, थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, हाताने दाबायचा ब्लोअर.
- न डगमगणारी शिडी, आणि ती धरायला एक माणूस.

१. कार्डावरचं रेकॉर्डिंग आणि लाइव्ह चित्र यांची तुलना करा

कॅमेरा कार्डावर जे साठवतो ते वायफायवरून जात नाही, थेट आतल्या आत लिहिलं जातं. त्यामुळे दोष कॅमेऱ्यात आहे की नेटवर्कमध्ये, हे कार्ड लगेच सांगतं.

दिवसाउजेडी दारासमोरून एकदा चालत जा. मग ॲपमधून त्या वेळचं कार्डावरचं रेकॉर्डिंग फोनमध्ये डाउनलोड करा. नुसतं ॲपमध्ये चालवून पाहू नका, कारण तेव्हा ते पुन्हा वायफायवरूनच येतं आणि निष्कर्ष चुकतो. डाउनलोडची सोय नसेल तर कार्ड काढून कार्ड रीडरने लॅपटॉपवर पाहा. काही कंपन्या फाइल कूटबद्ध करतात, तशी फाइल लॅपटॉपवर उघडणार नाही. मग फोन घरच्याच वायफायवर ठेवून कॅमेऱ्याला तात्पुरतं राउटरच्या शेजारी लावा आणि चित्र बघा.

रेकॉर्डिंग स्वच्छ आणि लाइव्ह खराब असेल तर पायरी २, ६ आणि ७ तुमच्यासाठी. दोन्ही धूसर असतील तर २, ३ आणि ८. दिवसा छान आणि रात्री वाईट असेल तर ४. रेकॉर्डिंगच मधेमधे तुटत असेल तर ५.

२. ॲपमधली सेटिंग

लाइव्ह चित्राच्या कोपऱ्यात ‘एसडी’, ‘एचडी’ किंवा ‘ऑटो’ असं बटण असतं. बरीच ॲप्स डेटा वाचवण्यासाठी सुरुवातीला एसडी दाखवतात. तो वेगळा, हलका प्रवाह असतो, अनेकदा फक्त ६४० बाय ३६० पिक्सेलचा. पूर्ण एचडी म्हणजे १९२० बाय १०८०, म्हणजे पिक्सेल नऊपट. बऱ्याच तक्रारी या एका बटणावर मिटतात.

पुढे कॅमेऱ्याच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये या गोष्टी पाहा:

बिटरेट, म्हणजे चित्रासाठी सेकंदाला वापरला जाणारा डेटा. स्थिर चित्र चांगलं दिसतं पण माणूस हलला की त्याच्याभोवती चौकटी उठतात, तर बिटरेट कमी पडतोय. व्हिडिओ दाबून लहान करायच्या एच.२६४ पद्धतीत १०८० पिक्सेलच्या चित्राला सेकंदाला १५ फ्रेम (सुटी चित्रं) धरल्या तर साधारण २ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) लागतात. एच.२६५ निवडता येत असेल तर तेच चित्र बरंच कमी डेटात बसतं.

फ्रेम. घरगुती कामाला सेकंदाला १५ पुरतात. तेवढ्याच बिटरेटमध्ये २५ केल्या तर प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला कमी डेटा येतो आणि चित्र उलट खराब होतं.

फ्लिकर. ट्यूबलाइटखाली चित्रात आडवे पट्टे सरकत असतील तर ‘अँटी-फ्लिकर’ ६० हर्ट्झवर राहिलेलं असणार. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, ते ५० करा.

डब्ल्यूडीआर किंवा एचडीआर. कॅमेऱ्यासमोर खिडकी किंवा पॅसेजचा उघडा डक्ट असेल तर मागच्या उजेडामुळे माणसाचा चेहरा काळा पडतो. हे चालू केल्यावर फरक पडतो. रात्री मात्र काही कॅमेऱ्यांत यामुळे हलत्या माणसाचं चित्र फिसकटतं, म्हणून दोन्ही वेळा तपासा.

फर्मवेअरचं, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतल्या सॉफ्टवेअरचं, अपडेट आलं असेल तर करून टाका. ते चालू असताना प्लग काढू नका, कॅमेरा कायमचा बंद पडू शकतो.

३. भिंग

नव्या कॅमेऱ्याच्या भिंगावरची पारदर्शक फिल्म काढायची राहून जाते. नखाने कडा चाचपून पाहा.

जुन्या कॅमेऱ्याचं भिंग मुंबईत फार लवकर माखतं. हॉलला लागून स्वयंपाकघर असेल तर फोडणीच्या वाफेतला तेलाचा थर बसतो. शेजारच्या इमारतीचं रिडेव्हलपमेंट चालू असेल तर सिमेंटची धूळ. वर्सोवा, वरळी, मार्वे अशा किनाऱ्यालगतच्या घरांत खारा थर. हा थर दिवसा नजरेत येत नाही, पण संध्याकाळी दिव्यांभोवती मोठी वलयं दिसू लागतात.

पुसण्याचाही क्रम आहे. आधी ब्लोअरने धूळ उडवा, नाहीतर तीच धूळ घासून ओरखडे पाडते. मग फडक्यावर अल्कोहोलचे दोन थेंब घेऊन मधून बाहेर हलक्या हाताने गोल पुसा. थेंब थेट भिंगावर टाकू नका, कडेने आत शिरतात. पदर, टॉवेल, पेपर नॅपकिन वापरू नका. कॅमेऱ्याला प्लास्टिकचा घुमट असेल तर त्यावर अल्कोहोलही नको आणि काच पुसायचा अमोनियाचा स्प्रेही नको. प्लास्टिक पांढुरकं पडतं आणि ते परत नीट होत नाही. तिथे फक्त पाण्याने ओलसर केलेलं फडकं वापरा.

पावसाळ्यात भिंगाच्या आतून वाफ धरत असेल तर बाहेरून पुसून उपयोग नाही. कॅमेरा उतरवा, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात एक-दोन दिवस ठेवा आणि पाणी कुठून शिरलं ते शोधा. बहुतेक वेळा ते वायरवरून ओघळत येतं. म्हणून वायर कॅमेऱ्यात शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी टपकून जाईल. गॅलरीत उघड्यावर लावायचा कॅमेरा आयपी६५ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) किंवा त्याहून वरचा हवा. तोही छज्ज्याखालीच लावा.

४. रात्रीचं चित्र

अंधार पडला की कॅमेरा स्वतःचे इन्फ्रारेड दिवे लावतो. हा उजेड आपल्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. तो जवळच्या कुठल्याही वस्तूवर आपटून परत भिंगात आला की चित्र पांढरं होतं आणि कॅमेरा एक्स्पोजर कमी करतो, म्हणून लांबचं सगळं काळं पडतं. मुंबईच्या घरांत यासाठी कारणं भरपूर.

खिडकीच्या काचेआडून बाहेर रोखलेला कॅमेरा रात्री निरुपयोगी असतो. इन्फ्रारेड बंद करा आणि बाहेर दिवा लावा, किंवा कॅमेरा काचेबाहेर न्या.

गॅलरीतली कबुतरांची जाळी दिवसा चित्रात जेमतेम दिसते, रात्री तिचा प्रत्येक धागा चमकतो. कॅमेरा जाळीच्या आत, पण भिंग जाळीला जवळजवळ टेकलेलं आणि इन्फ्रारेड बंद, ही एक तडजोड. खरा उपाय म्हणजे जाळीबाहेरचा ब्रॅकेट. तो वरच्या मजल्यावर स्वतः बसवायला जाऊ नका, जाळीवाल्याकडूनच करून घ्या.

सेफ्टी डोअरच्या आतून ग्रिलमधून बाहेर पाहणाऱ्या कॅमेऱ्याचंही तेच होतं. पांढऱ्या भिंतीला किंवा छताला चिकटून लावलेला कॅमेरा असेल तर तो भिंतीपासून थोडा पुढे काढा किंवा असा वळवा की चित्रात भिंतीचा भाग येणार नाही. दाराच्या चौकटीवरचं तोरण आणि दिवाळीतला आकाशकंदील कॅमेऱ्यासमोर डुलत असेल तर चित्रही जातं आणि रात्रभर सूचनाही येत राहतात. कोळ्यांची जाळी तर दर आठवड्याला बघावीच लागते, कारण दिव्यांभोवती किडे येतात आणि किड्यांमागे कोळी.

अंधारात चालता माणूस भुतासारखा पुसट दिसतो, कारण शटर बराच वेळ उघडं राहतं. त्याला सेटिंगचा उपाय नाही, उजेडाचा आहे. पॅसेजमध्ये ५ ते ९ वॅटचा एलईडी रात्रभर चालू ठेवा. एवढ्याने चेहऱ्याचा तपशील जितका सुधारतो तितका महागडा कॅमेरा आणूनही सुधारत नाही. ९ वॅटचा दिवा १२ तास लावला तरी महिन्याला सव्वातीन युनिट जातात.

दिवसा चित्रात गुलाबी-जांभळी छटा दिसत असेल तर आतला इन्फ्रारेड फिल्टर अडकलाय. ॲपमधून ‘डे’ आणि ‘नाइट’ मोड काही वेळा आलटून पालटून लावा. प्रत्येक वेळी बारीक ‘टिक’ ऐकू यायला हवं. आवाज येत नसेल तर वॉरंटीत द्या.

५. वीज आणि कार्ड

कॅमेरा संध्याकाळनंतरच अडखळतो किंवा आपोआप रीस्टार्ट होतो? तेव्हा इन्फ्रारेड दिवे लागतात आणि करंटची मागणी वाढते. कॅमेऱ्यासोबत आलेला अ‍ॅडॉप्टर मोबाइलच्या जुन्या चार्जरने बदललेला असेल तर मूळचा परत लावा. यूएसबी केबल लांब आणि पातळ असेल तर दोष तिथेच. पातळ तारेच्या ५ मीटर केबलमध्ये अर्ध्या अँपिअरला साधारण १ व्होल्ट पडतो, म्हणजे ५ व्होल्टच्या कॅमेऱ्याला ४ च मिळतात. केबल लांबवण्याऐवजी वायरमनकडून केसिंग-पट्टीतून प्लग पॉइंटच कॅमेऱ्याजवळ आणून घ्या.

सतत लिहून लिहून कार्ड झिजतं. रेकॉर्डिंगमध्ये फट पडू लागली की कार्ड कॅमेऱ्याच्या ॲपमधूनच फॉरमॅट करा. तरी फरक नसेल तर कार्ड बदला. रस्त्यावर अर्ध्या किमतीत मिळणारी कार्डं घेऊ नका. बनावट कार्डावर छापलेली जागा प्रत्यक्षात नसते, आणि हे नेमकं रेकॉर्डिंग हवं असतं तेव्हा कळतं.

६. वायफाय

या पायरीला वेळ द्या. मुंबईत लाइव्ह चित्र अडखळण्याचं मोठं कारण इथे सापडतं.

आधी मोजा. फोन कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी धरा आणि ॲनालायझरमध्ये २.४ गिगाहर्ट्झच्या तुमच्या नेटवर्कचा आकडा वाचा. तो उणे डीबीएममध्ये (सिग्नलच्या जोराचं माप) असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० ते ६० उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ नीट चालतो, उणे ७० च्या पुढे चित्र अडखळू लागतं, उणे ८० ला ते टिकत नाही. कॅमेरा दाराबाहेर असेल तर मुख्य दार आणि सेफ्टी डोअर दोन्ही बंद करून मोजा. उघड्या दारातून मिळालेला आकडा फसवा असतो, कारण लोखंडी सेफ्टी डोअर सिग्नल चांगलाच अडवतं. नव्या टॉवरमध्ये अनेकदा आतल्या भिंतीही काँक्रीटच्या असतात, तिथे दोन भिंतींतच सिग्नल संपतो. जुन्या इमारतींतल्या विटांच्या भिंती त्या मानाने सोप्या.

आकडा कमजोर असेल तर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे राउटर हलवणं. तो टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटावर, फ्रिजजवळ किंवा माळ्यावर कोंबलेला असेल तर बाहेर काढून उघड्यावर, छातीच्या उंचीवर ठेवा. फायबरची बारीक पिवळी किंवा पांढरी वायर ओढू-वाकवू नका, आतली काच तुटते. जागा जास्त बदलायची असेल तर कंपनीच्या माणसाला बोलवा, किंवा फायबरचा डबा जिथल्या तिथे ठेवून लॅन केबलने दुसरा राउटर हव्या त्या जागी लावा.

आकडा चांगला आहे आणि तरी चित्र अडखळतंय, तर गर्दी आहे. ॲनालायझर उघडला की एकाच फ्लॅटमधून शेजाऱ्यांची डझनावारी नेटवर्क्स दिसतात. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारी चॅनलं तीनच आहेत: १, ६ आणि ११. ॲनालायझरमध्ये यांपैकी ज्यावर जोरदार नेटवर्क्स कमी आहेत ते निवडा आणि राउटरमध्ये ‘ऑटो’ ऐवजी तेच पक्कं करा. मधलं ३ किंवा ८ रिकामं दिसलं तरी घेऊ नका, दोन्ही बाजूंचा गोंगाट येतो. चॅनलची रुंदी ४० वरून २० मेगाहर्ट्झ करा. ही तपासणी रात्री आठ ते दहाच्या दरम्यान करा, तेव्हा गर्दी खरी कळते. मायक्रोवेव्ह ओव्हन याच पट्ट्यात चालतो, म्हणून तो राउटर आणि कॅमेऱ्याच्या मधल्या वाटेत नको.

राउटरवर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ एकाच नावाने चालत असतील तर २.४ ला वेगळं नाव द्या आणि कॅमेरा त्यावर जोडा. घरातले फोन आणि टीव्ही ५ वर न्या, म्हणजे कॅमेऱ्याची वाट मोकळी होते. बहुतेक स्वस्त कॅमेरे फक्त २.४ वरच चालतात. सुरक्षा ‘डब्ल्यूपीए२’ ठेवा, फक्त ‘डब्ल्यूपीए३’ ठेवलं तर काही कॅमेरे जोडलेच जात नाहीत.

वायफायचा सिग्नल पुढे पोचवणारा एक्स्टेंडर घेणार असाल तर तो कॅमेऱ्याशेजारी लावू नका. त्याला स्वतःलाच तिथे कमजोर सिग्नल मिळतो आणि तोच तो पुढे पाठवतो. राउटर आणि कॅमेरा यांच्या मधोमध, जिथे आकडा उणे ६० च्या आसपास आहे, तिथे लावा. एकाच पट्ट्यावर घेऊन देणारा एक्स्टेंडर वेग जवळजवळ निम्मा करतो, हेही लक्षात असू द्या.

कॅमेऱ्याला लॅनचं पोर्ट असेल तर हा सगळा खटाटोपच नको. कॅट ६ केबल १०० मीटरपर्यंत चालते. आयुष्यभर चॅनलं बदलत बसण्यापेक्षा एकदा पट्टीतून वायर ओढलेली बरी. शक्य असेल तिथे हाच पर्याय घ्या.

७. इंटरनेट

घरच्या वायफायवर लाइव्ह चित्र नीट आणि बाहेरून खराब, एवढंच असेल तर अपलोड तपासा. बाहेरून चित्र पाहताना कॅमेरा डेटा वर पाठवत असतो, त्यामुळे जाहिरातीतला डाउनलोडचा आकडा इथे कामाचा नाही. एका एचडी कॅमेऱ्याला निदान २ एमबीपीएस अपलोड मोकळं हवं, तीन कॅमेरे एकदम पाहत असाल तर ६. घरातल्या फोनचं फोटो बॅकअप चालू असेल तर ते अपलोड खाऊन टाकतं, त्याला रात्रीची वेळ द्या.

लोकलमधून चित्र अडलं म्हणून कॅमेऱ्याला दोष देऊ नका. धावत्या गाडीत फोनचा डेटाच तुटत असतो. तिथे एसडीवर पाहा, आणि खरी तपासणी ऑफिसच्या चांगल्या वायफायवरून करा.

८. जागा, अंतर आणि सोसायटी

सगळं नीट करूनही चेहरा ओळखू येत नसेल तर गणित करा. सीसीटीव्हीच्या कामात अनोळखी माणसाची खात्रीने ओळख पटवायला दर मीटरला २५० पिक्सेल धरतात, आणि ओळखीचा माणूस कळायला १२५. समजा कॅमेरा १९२० पिक्सेल रुंदीचा आणि आडवा कोन ९० अंशांचा आहे. ३ मीटरवर त्याला ६ मीटर रुंदी दिसते, म्हणजे मीटरला ३२० पिक्सेल. ४ मीटरवर २४०. तिसऱ्या मजल्यावरून साधारण १० मीटरवरच्या गेटकडे रोखला तर ९६, आणि चेहऱ्याच्या वाट्याला जेमतेम १५ पिक्सेल. डिजिटल झूमने तेच पिक्सेल मोठे दिसतात, नवा तपशील येत नाही.

दारासाठी कॅमेरा ७ ते ८ फूट उंचीवर, किंचित खाली झुकवून लावा. छताला लावला तर टोपी आणि टकलंच दिसतात.

पॅसेज सोसायटीचा असतो. खिळा ठोकण्याआधी सेक्रेटरींकडून लेखी परवानगी घ्या, आणि समोरच्यांचं दार चित्रात येत असेल तर ॲपमधल्या ‘प्रायव्हसी मास्क’ने तो भाग झाका. समोरच्या काका-काकूंना फोनवर चित्र दाखवून टाका, पुढचे वाद टळतात.

९. नवा घ्यावाच लागला तर

लॅमिंग्टन रोडवर घ्या किंवा ऑनलाइन, मेगापिक्सेलच्या आधी चार गोष्टी विचारा: लॅन पोर्ट आहे का, ५ गिगाहर्ट्झ चालतं का, रात्रीसाठी पांढरा दिवा आहे का, आणि परत करायची मुदत किती. आणल्यावर लगेच भिंतीला भोकं पाडू नका. कॅमेरा ठरलेल्या जागी पक्क्या दुहेरी टेपने किंवा दोरीने तात्पुरता बांधा, दोन्ही दारं बंद करा, रात्री दहाच्या सुमारास कुणाला तरी समोरून चालायला सांगा आणि कार्डावरचं रेकॉर्डिंग तपासा. चेहरा कळला तरच ड्रिल काढा, नाहीतर मुदतीच्या आत कॅमेरा परत करा.